पडलेल्या ‘अजूबा’ची बाजू

गेल्या गणपतीत खांबला आमच्या घरी पाहुणे जमले होते. आरती, जेवणे आटोपली आणि जागरणाला काहीतरी हवे म्हणून मामाने टीव्हीवर ‘अजूबा’ लावला. लावला तो टिंगल करण्यासाठीच. पडलेल्या चित्रपटांची यादी निघाली की हे नाव येतेच, तेव्हा आम्ही कॉलेजची मुले तयारीतच बसलो होतो. पडद्यावर समुद्रातल्या बाळाला डॉल्फिन माशाने वाचवले आणि मागे बसलेल्या आजीने हात जोडले. आम्ही खो खो हसलो. ती काही न बोलता उठली, आत गेली, ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही. सकाळी आईने सांगितले. आजीचे माहेर रेवदंड्याकडचे, आणि तिचा धाकटा भाऊ दर्यात गेला तो परत आला नव्हता.

त्या दिवसापासून हा चित्रपट डोक्यातून जात नाही. पुढे मी तो एकटीने पुन्हा पाहिला.

शशी कपूर यांनी सोव्हिएत रशियाच्या गॉर्की स्टुडिओबरोबर तो काढला, तिकडचे सहदिग्दर्शक गेनादी वासिल्येव. अमिताभ बच्चन, ऋषी कपूर, डिंपल, शम्मी कपूर, अमरीश पुरी अशी फौज. १९९१ साली तो लागला, आपटला आणि निर्मात्याने जबर खोट खाल्ली. दिग्दर्शक म्हणून शशी कपूर यांचा हा पहिला आणि शेवटचा चित्रपट. ज्या देशाशी भागीदारी केली, तो देशसुद्धा त्याच डिसेंबरात नकाशावरून गेला!

‘जुनून’ आणि ‘३६ चौरंगी लेन’ काढणाऱ्या माणसाला हा पोरकटपणा का सुचावा, असे जाणकार विचारतात. पोरांसाठी काही काढणे म्हणजे पोरकटपणा, हे कुणी ठरवले? १९८०च्या दशकात अमिताभला नायक करून ‘सुप्रीमो’ नावाची चित्रकथा निघत असे, तिची चित्रे आपल्या प्रताप मुळीकांची. ‘अजूबा’ मला त्याच जातीचा वाटतो. चित्रकथेचे पान हलू लागावे तसा.

चित्रपटात दोष आहेत, आणि तेही लहान नाहीत. तो लांबला आहे. अमिताभ तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. ज्यांच्या डोळ्यांतला संताप पाहायला लोक तिकीट काढत, त्यांच्याच चेहऱ्यावर मुखवटा चढवला! आणि माझ्या मते खरा घाव घातला तो दूरदर्शनने. ‘रामायण’, ‘महाभारत’ या मालिका नुकत्याच होऊन गेल्या होत्या. आकाशात बाणाला बाण भिडताना लोकांनी घरबसल्या, फुकट पाहिले होते. त्याच करामतींसाठी खिशात हात कोण घालणार?

पण करामतींनाच हसायचे असेल तर दादासाहेब फाळक्यांपासून सुरुवात करावी लागेल. १९१७ चे ‘लंका दहन’ आणि १९१९ चे ‘कालिया मर्दन’ कशाच्या जोरावर चालले? आपला चित्रपट जन्मला तोच मुळी चमत्काराच्या मांडीवर. २०१५ साली निखिल महाजन यांनी श्रेयस तळपदेला घेऊन ‘बाजी’ हा मराठी वीर पडद्यावर आणला, तोही चालला नाही. पुढे याच महाजनांना ‘गोदावरी’साठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्यापैकी कुणी ‘बाजी’चे नावही काढले नाही.

आणि आपण तरी चमत्कार कुठे सोडला आहे? रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र सलामी देतात, तेव्हा माझ्यासकट सगळा वर्ग हात जोडून उभा असतो. रात्री गावाची राखण करणारा कुणी आहे, हे आम्हांला पटते. बुडणाऱ्या बाळाला समुद्राने परत दिले, एवढेच मात्र पटत नाही. ‘अजूबा’चा नायक त्या माशाला आई म्हणतो. त्या जागी लेखक-दिग्दर्शक जराही संकोचलेले नाहीत, डोळा मिचकावून प्रेक्षकाला ‘हे काही खरे नाही बरं का’ असे सुचवत नाहीत. दुसऱ्यांदा पाहताना मला त्यांचा हेवा वाटला.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला म्हटले, ‘‘तो माशाचा पिक्चर पुन्हा लावू का?’’ ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘लाव. पण त्या पोरांना बोलवू नको.’’