सिझर मागितलं म्हणजे लाड नव्हेत

"पहिलं नॉर्मल झालं ना, मग आता सिझर कशाला?" वस्तीतल्या एका ताईला हे सासूने विचारलं, सिस्टरनेही विचारलं. पहिल्या खेपेला ती दीड दिवस कळा सोसत होती. ओरडली म्हणून शिव्या खाल्ल्या. न विचारता खाली कापलं, जखम मागेपर्यंत फाटली, चार महिने संडासवर ताबा नव्हता. याला नॉर्मल म्हणायचं? आता पुन्हा दिवस गेलेत आणि तिची झोप उडाली आहे.

आमच्या मते ही धास्ती डॉक्टरांनी ऐकून घेतलीच पाहिजे. अशी जखम झालेल्या बाईशी सिझरबद्दल बोलणं हा उपचाराचाच भाग आहे. अर्थात सिझर म्हणजे पोटाचं मोठं ऑपरेशन. टाके पिकू शकतात, पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणाला चिकटण्याचा धोका वाढतो. हेही तिला सांगायला हवं, पण भीती घालायला नव्हे.

नववा महिना लागेपर्यंत थांबू नका. नाव घालतानाच जुनं डिस्चार्ज कार्ड दाखवा, झालेलं सगळं केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. दुसरी अडचण नसेल तर ठरवलेलं सिझर साधारण ३९ आठवड्यांनंतर करतात. डॉक्टर नाही म्हणाले तर कारण विचारा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त मोफत आहे. पैशांसाठी गप्प बसू नका.

ताईचं अजून ठरलेलं नाही. सोमवारी ओपीडीत आमच्यातली एकजण तिच्यासोबत जाणार आहे.