चिठ्ठीवरची एक ओळ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीचे एक शेतकरी छातीत कळ येते म्हणून सकाळी दवाखान्यात आले. कार्डिओग्राम पाहताच मी त्यांना अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेलच्या गोळ्या दिल्या आणि चिठ्ठी देऊन तातडीने शहरात पाठवले. संध्याकाळी तिथल्या सर्जनचा फोन आला, ‘‘डाव्या मुख्य धमनीतच मोठा अडथळा आहे, बायपास लगेच करावी लागेल. तुम्ही कोणती गोळी, किती दिलीत? दोन तास तुम्हाला फोन लावतोय!’’ मी शेजारच्या गावी लग्नाला गेलो होतो. चिठ्ठीत मी एवढेच लिहिले होते : ‘रक्त पातळ होण्याचे औषध दिले.’ रुग्ण वाचले, पण ते दोन तास माझ्या आळसामुळे वाया गेले.

खरे तर या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. रक्तातील प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी करतात, ते या गोळ्या रोखतात. हार्ट अटॅकमध्ये हाच गुण जीव वाचवतो. पण छाती उघडल्यावर तोच रक्तस्राव वाढवतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलने निकामी झालेली प्लेटलेट पुन्हा कामाची होत नाही. तिचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे. नव्या तयार होईपर्यंत थांबावे लागते. म्हणून सवड असेल तर बायपासपूर्वी क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस आणि टिकाग्रेलॉर किमान ३ दिवस बंद ठेवतात. अ‍ॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. सवडच नसेल तर धोका पत्करून शस्त्रक्रिया करावी लागते. अशा वेळी गोळीचे नाव आणि वेळ आधी कळली, तर रक्त व प्लेटलेटच्या पिशव्यांची तजवीज करता येते.

मग पुढे बायपास लागेल या भीतीने अटॅकच्या रुग्णाला गोळ्या द्यायच्याच नाहीत का? छे! बहुतेकांना तातडीची बायपास लागत नाही, आणि गोळ्या न दिल्याने होणारे नुकसान मोठे असते. माझे म्हणणे एवढेच, की गोळी देणाऱ्याने नाव, मात्रा आणि वेळ चिठ्ठीवर लिहिलीच पाहिजे. घाईची सबब चालणार नाही. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

वाचकहो, तुमच्याकडेही थोडे काम आहे. घरात कोणी हृदयाच्या गोळ्या घेत असेल तर गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत ठेवा आणि दवाखान्यात जाताना ती पिशवी सोबत न्या. ‘एकच गोळी घेतो’ असे सांगू नका; एका कॅप्सूलमध्ये दोन-तीन औषधे असू शकतात. शेवटची गोळी कधी घेतली तेही सांगा.

आणि हे वाचून आपल्या मनाने गोळी मात्र बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने असे केले तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरांना ठरवू द्या.