पहिले दहा कोणते?

अनेकांतून थोडक्यांची निवड करणें हें सोपें काम नव्हे, हें शिक्षकांस, परीक्षकांस व आईबापांसहि ठाऊक आहे. सांप्रत हें काम पुष्कळ ठिकाणीं संगणकावर सोंपविण्यांत येतें. हजारों विद्यार्थ्यांच्या गुणांचा तक्ता डेटाबेसमध्यें सांठविलेला असतो. 'पहिले दहा द्या' अशी पृच्छा केली कीं क्षणार्धांत दहा नांवें समोर येतात. यंत्रानें दिलेलीं नांवें बरोबरच असणार, असा पुष्कळांचा समज आहे. तो कितपत खरा आहे, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं करावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, हवें तेवढेंच मागणें ही चांगली संवय आहे. तक्त्यांत लक्षावधि ओळी असतां आणि दहाच पाहावयाच्या असतां सर्व मागविणें म्हणजे तांब्याभर पाण्यासाठीं सारी विहीर उपसणें होय. म्हणून डेटाबेसच्या एसक्यूएल नामक भाषेंत मर्यादा घालण्याची सोय आहे. मायएसक्यूएल व पोस्टग्रेसक्यूएल यांत 'लिमिट १०' असें लिहितात, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्यें 'टॉप १०' असें लिहितात. आणि २००८ सालीं या भाषेच्या प्रमाण नियमांत 'फेच फर्स्ट' ही शब्दयोजना आली. तक्ता कसा आहे एवढेंच पाहावयाचें असेल, तर शितावरून भाताची परीक्षा करावी, तद्वत् कोणत्याहि दहा ओळी पुरतात.

परंतु उत्तम दहा निवडणें ही गोष्ट निराळी. १९७० सालीं एडगर कॉड यांनीं मांडलेल्या ज्या सिद्धांतावर हे डेटाबेस उभे आहेत, त्याप्रमाणें तक्ता म्हणजे ओळींचा संच होय. आणि संचांत पहिला किंवा शेवटचा असा कोणी नसतो. पोत्यांतील ज्वारीचा पहिला दाणा कोणता, हा प्रश्न जसा व्यर्थ, तसाच हाहि. 'ऑर्डर बाय' या शब्दांनीं क्रम सांगितल्यावांचून मर्यादा घातली, तर यंत्र आपल्या सोयीनें सांपडतील त्या ओळी देतें आणि तक्रारहि करीत नाहीं. तक्ता लहान असतां बहुधा नोंदणीच्याच क्रमानें ओळी येतात, म्हणून नवशिक्यास सारें ठीक भासतें. पुढें कांहीं ओळी बदलल्या वा खोडल्या, कीं त्याच पृच्छेस निराळें उत्तर येऊं लागतें.

क्रम सांगूनहि फसगत होऊं शकते. ओरॅकलमध्यें जुन्या रीतीचा 'रोनम' हा अनुक्रमांक ओळींना क्रम लावण्यापूर्वींच मिळतो. दोन्ही अटी एकाच पृच्छेंत लिहिल्या, तर आधीं कोणत्याहि दहा ओळी उचलल्या जातात आणि मग त्यांची गुणानुक्रमें मांडणी होते. यादी दिसते नीटनेटकी, पण ती भलत्याच दहांची! आंतील पृच्छेंत क्रम लावावा व बाहेरून मर्यादा घालावी, हाच त्यावर उपाय.

आतां खरा न्यायाचा प्रश्न. समजा, शिष्यवृत्त्या १० आहेत. नवव्या विद्यार्थ्यास ८८ गुण आहेत आणि त्याच्या मागोमाग तिघांस ८७ आहेत. 'लिमिट १०' म्हटलें कीं या तिघांपैकीं एकच आंत येईल व दोघे बाहेर राहतील. तो एक कोण, हें गुणांनीं ठरलें नाहीं, शिक्षकांनींहि ठरविलें नाहीं. तें कोणाची ओळ आधीं सांपडली यावर ठरलें. कोणी म्हणेल, समान गुण असतां नांवांचा वर्णानुक्रम लावावा, म्हणजे उत्तर नेहमीं एकच येईल. येईल खरें, पण स्थिर उत्तर म्हणजे न्याय्य उत्तर नव्हे. 'अ'नें नांव सुरू होणाऱ्या मुलानें 'ह'नें नांव सुरू होणाऱ्या मुलीपेक्षां अधिक अभ्यास केला, असें कोण म्हणेल? लांब यादी पानापानानें वाचावयाची असेल, तेथें ही युक्ति योग्यच. नाहींतर एकच नांव दोन पानांवर येऊन दुसरें गळून जाईल. बक्षिसाच्या निवडीला मात्र ती पुरत नाहीं.

एसक्यूएल सर्व्हरमध्यें, ओरॅकलच्या २०१३ सालच्या १२सी आवृत्तीपासून आणि पोस्टग्रेसक्यूएलच्या २०२० सालच्या १३ व्या आवृत्तीपासून, 'विथ टाइज' असें लिहिण्याची सोय आहे. तसें लिहिल्यास समान गुणांचे तिघेहि येतात व यादी १२ जणांची होते. मग रक्कम बारा जणांत वांटावी कीं दुसरी कसोटी लावावी, हें माणसांनीं ठरवावें, आणि तें परीक्षेपूर्वीं जाहीर करावें.

म्हणून संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, मर्यादेचा आंकडा लिहिण्यापूर्वीं दोन प्रश्नांचीं उत्तरें द्या: क्रम कोणता, आणि सीमेवर बरोबरी झाली तर काय? पालकांसहि आमची विनंति आहे कीं, अशी यादी पाहतांना हेच दोन प्रश्न आदरपूर्वक विचारावे. यंत्र सांगितलेलें निमूटपणें करतें. अकराव्या मुलाचा विचार करण्याची बुद्धि परमेश्वरानें मनुष्याच्या अंतःकरणांत ठेविली आहे. ती यंत्राच्या हवालीं करून आपण मोकळे होऊं नये.