१ ऑगस्टला हार घालणाऱ्यांना विचारा!

नागरिकहो,

१९०८ साली टिळकांना राजद्रोहाच्या १२४-अ कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली, ब्रह्मदेशातल्या मंडालेला पाठवलं, हे आपण शाळेत घोकलं. तेच कलम ब्रह्मदेशाच्या दंडसंहितेत अजून आहे. १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता बळकावल्यावर जनरल मिन आंग ह्लाइंग यांनी पंधरा दिवसांच्या आत त्याला नवी धार लावून घेतली. इंग्रज गेला, हत्यार ठेवून गेला.

सत्ता बळकावायला निमित्त काय, तर म्हणे आधीच्या निवडणुकीत घोटाळा! आंग सान सू ची यांच्या पक्षाला ४७६ पैकी ३९६ जागा, लष्कराच्या लाडक्या पक्षाला ३३. हाच काय तो घोटाळा. सू चींवर पहिला गुन्हा कोणता? घरात बेकायदा वॉकीटॉकी सापडले!

लोकांनी आधी बंदूक उचलली नव्हती. रात्रीचे आठ वाजले की यांगूनच्या घराघरांतून पातेली बडवली जायची. इडापिडा हाकलायची ती तिकडची जुनी रीत. डॉक्टर, शिक्षक, रेल्वे कामगार कामावर गेले नाहीत. मग गोळ्या आल्या. २७ मार्चला, लष्कराच्याच सणाला, एका दिवसात शंभरावर माणसं मारली. त्यानंतर पोरं जंगलात शिरली.

याला ‘यादवी’ म्हणणं आम्हाला पटत नाही. प्रभासक्षेत्री आपसांत लढून मेलेले यादव सगळेच झिंगले होते आणि सगळ्यांच्या हाती हत्यार म्हणून एकच गवत होतं. इथे लढाऊ विमानं एकाच बाजूकडे आहेत. ११ एप्रिल २०२३ ला सगाइंग भागातल्या पाझीजी गावात एका कार्यालयाच्या उद्घाटनाला माणसं जमली होती. विमानानं बॉम्ब टाकला, मागून हेलिकॉप्टर आलं, त्यानं पळणाऱ्यांना टिपलं. दीडशेवर मेले, त्यांत लहान मुलं. मार्च २०२५ च्या भूकंपात मंडाले कोसळलं, तेव्हाही बॉम्बफेक थांबली नाही.

आणि आपण? आपली १,६४३ किलोमीटरची सरहद्द या देशाला लागून आहे. पळून आलेल्या हजारोंना मिझोरामच्या लोकांनी घरात घेतलं, तर दिल्लीनं २०२४ मध्ये सरहद्दीवरची मोकळी ये-जा बंद करायची घोषणा केली.

२७ मार्च २०२१ च्या त्या लष्करी संचलनाला आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते. त्यांत भारताचाही होता. टिळक पुण्यतिथीला तुमचे खासदार हार घेऊन येतील, तेव्हा पुतळ्यासमोरच त्यांना गाठा आणि विचारा : तो आपला माणूस तिथे कोणाच्या वतीनं बसला होता?

— काही नागरिक
(वाचून झाल्यावर शेजारी द्या.)