उतरलात, आता पुढे?

हॅम्बुर्गला राहणारी भाची सुट्टीत खारघरला आली होती. तिला आजीला भेटायला ठाण्याला जायचं होतं. म्हटलं, गाडी काढायची नाही. या सदराचं नाव 'चढउतार' आहे, त्याची थोडी तरी लाज राखू. सेंट्रल पार्कला मेट्रो धरली, बेलापूरला उतरून ठाणे लोकल, ठाण्याला बस. आजीच्या दारात पोचलो तेव्हा तिच्या मुठीत तीन तिकिटं होती. "मामा, आपण प्रवास एकच केला ना?"

तिचा प्रश्न भाबडा नव्हता. हॅम्बुर्गमध्ये एका तिकिटावर भुयारी रेल्वे, लोकल, बस सगळं चालतं. एल्ब नदीतली फेरीबोटसुद्धा. गाडी बदलली म्हणून पुन्हा खिशात हात घालावा लागत नाही. तिथल्या वाहतूक कंपन्यांनी एकत्र येऊन सामायिक तिकिटाची संस्था काढली १९६५ साली. जगात अशी ती पहिलीच. गंमत म्हणजे चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली, तेही १९६५ सालीच. आमच्याकडे उरणच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते, पण तिचं तिकीट वेगळं.

नवी मुंबईवर कंजुषीचा आरोप करता येणार नाही. ९ मे १९९२ ला वाशीला लोकल आली, ती काही रेल्वेनं एकटीनं आणलेली नव्हती. इथल्या रेल्वेमार्गांचा ६७ टक्के खर्च शहर वसवणाऱ्या सिडकोनं उचलला. आधी स्टेशन, मग त्याभोवती वस्ती, असा नोडचा, म्हणजे इथल्या प्रत्येक उपनगराचा, हिशेब होता. कागदावर तो अजूनही सुरेख दिसतो. बिनसतं ते एकातून उतरून दुसऱ्यात चढताना.

मेट्रोचंच बघा. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर सुरू झाली. ११ किलोमीटर, ११ स्थानकं. थंडगार आणि स्वच्छ. खारघरच्या पोटातून जाते, पण खारघर रेल्वे स्टेशनला शिवत नाही! पनवेलहून येणाऱ्याला सेंट्रल पार्कला मेट्रोनं जायचं असेल तर खारघर स्टेशन डोळ्यांदेखत मागे टाकून बेलापूरला जायचं आणि तिथून उलटं यायचं. शहाणा माणूस खारघरलाच उतरतो आणि शेअर रिक्षाकडे जातो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' ॲप आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट, एनएमएमटी अशा अकरा सेवा एका क्यूआर कोडवर. मी वापरतो, चांगलं आहे. पण त्यानं रांग वाचते, पैसे नाहीत. तिकीट एक झालं तरी आत प्रत्येकाचं भाडं वेगळं मोजलेलं. बसमध्ये बसलात की किमान भाडं पुन्हा पहिल्यापासून. दोन थांब्यांसाठी बस कोण करणार? लोक चालतात, नाहीतर हप्त्यावर स्कूटर घेतात. मला नवी मार्गिका नको. गाडी बदलल्याचा दंड तेवढा काढा.

आणि या सगळ्या हिशेबात शेअर रिक्षा कुठेच नाही. ती ॲपवर नाही, नकाशावर नाही, पण शेवटचे दोन किलोमीटर तीच ओढते. तिचं वेळापत्रक एका ओळीचं : भरली की निघाली. सकाळी भरायला मिनिटही लागत नाही. रात्री साडेदहानंतर मात्र रिक्षावाला दादा आणि आपण, दोघंही पुढच्या लोकलच्या भरवशावर.

परतताना आम्ही त्याच फेऱ्यात सापडलो. भाचीला रिक्षा दाखवायचीच म्हणून यावेळी बेलापूरऐवजी खारघरला उतरलो. मागच्या सीटवर दोघं बसलो, तिसरी जागा रिकामी. भाचीनं फोनवर नकाशा उघडला. त्यात घरापर्यंतची चाल पस्तीस मिनिटं दाखवत होती. "किती वेळ थांबायचं?" तिनं विचारलं. दादानं मान वळवून पुलाकडे पाहिलं. "पनवेल लोकल येतेय ताई. एक सीट तर निघेलच." लोकल आली, जिन्यावरून माणसं उतरली, तिघं-चौघं आपापल्या स्कूटरकडे गेले. भाचीनं पर्स उघडली आणि तिसऱ्या सीटचेही पैसे दिले.