नावावर काय आहे?

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो. त्याने जुनी मोटरसायकल विकायला काढली होती. रविवारी सकाळी एक तरुण आला, गाडी फिरून फिरून पाहिली, सुरू करून आवाज ऐकला आणि पैसे तिथल्या तिथे खात्यावर जमा केले. मी मनात म्हटलं, आता फॉर्म, फोटो, सह्या, खेपा सुरू होणार. पण चिरंजीवांनी लॅपटॉप उघडला, नोंदणीच्या कागदावरचा 11 आकडी क्रमांक टाकला, त्या तरुणाचं नाव आणि पत्ता भरला आणि कागदाचा एक हिरवा तुकडा कापून त्याच्या हातात ठेवला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं बाबा. ही बघा, खात्याची मेलही आली. आता तिच्याशी माझा संबंध संपला."

माझा चहासुद्धा अजून निवला नव्हता!

मग मी खोदून खोदून विचारलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय. तिथलं वाहन नोंदणी खातं वेल्समधल्या स्वान्सी शहरात आहे. गाडी विकली हे त्या खात्याला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी. कळवलं नाही तर 1,000 पौंडांपर्यंत दंड. हिरवा तुकडा घेणाऱ्याजवळ राहतो आणि नवा कागद टपालाने थेट त्याच्या घरी जातो. रोड टॅक्स गाडीबरोबर जात नाही. उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे विकणाऱ्याला परत मिळतात, आणि घेणाऱ्याने स्वतःचा टॅक्स आणि विमा भरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही.

एक गोष्ट मला फार आवडली. तो नोंदणीचा कागद मालकीचा पुरावा नाही, असं त्या कागदावरच छापलेलं असतं. त्यावर नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं. मालक कोण, हे विकत घेतल्याच्या पावतीवरून ठरतं. रस्त्यावर त्या गाडीचं काही झालं तर कोणाला विचारायचं, एवढंच सरकारला हवं असतं.

हे ऐकताना मला माझी चेतक आठवली.

1996 साली मी ती ओळखीतल्या एका गृहस्थांना विकली. आरसी बुक दिलं, कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या केल्या. "सर, नाव लावून घेतो आठवड्याभरात," ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं ना! 2003 साली दारात नोटीस आली. स्कूटर मधल्या काळात तीन हातांतून गेली होती, आणि दुसऱ्या तालुक्यात एका भाजीवाल्या बाईंना तिची धडक बसून त्यांचा पाय मोडला होता. विमा नव्हता. चालवणारा पळाला होता. कागदावर नाव माझंच.

मी चिडलो, वकील केला, "माझा काय संबंध?" म्हणालो. तारखेला त्या बाई काठी टेकत यायच्या आणि बाकावर बसून राहायच्या. त्यांनी तरी कोणाकोणाला शोधत फिरायचं? शेवटी मी पैसे भरले. पण तोवर तीन वर्षं गेली होती. तीन वर्षांत माझ्या खिशाला झळ बसली. त्या बाईंचा धंदा मात्र बसला.

2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. गाडी कितीही वेळा विकली गेलेली असो, नोंद ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, आणि अपघातग्रस्ताला एकामागून एक खरेदीदार शोधत फिरायला लावता येणार नाही. आपला 1988 चा मोटार वाहन कायदाही यात मागे नाही. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत, असं कलम 50 सांगतं. म्हणजे कायदा तिकडे चांगला आणि इकडे वाईट, असं नाही. फरक इतकाच की तिकडे विकणारा आपलं काम त्याच दिवशी उरकतो, आणि आपण कोऱ्या फॉर्मवर सही करून त्याला विश्वास म्हणतो.

मी आयुष्यभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. हक्क आणि कर्तव्यं फळ्यावर लिहिली, पण कोऱ्या कागदावर सही करताना त्यातलं एकही आठवलं नाही. आज मला वाटतं, समोरच्याला "चला, आत्ताच नाव बदलू" असं म्हणण्यात अविश्वास नाही. उद्या त्या गाडीखाली सापडू शकणाऱ्या, आपल्याला ठाऊकही नसलेल्या माणसाशी ते प्रामाणिक राहणं आहे.

असो. तुमच्या कपाटात एखाद्या विकलेल्या गाडीचे कागद असतील, तर आज जरा काढून बघा. नाव कोणाचं आहे?