वरून पहिला, खालून पहिला
केंब्रिजचं नाव निघालं की मराठी माणसाला रँग्लर परांजपे आठवतात. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले, सीनियर रँग्लर झाले आणि ती पदवी त्यांच्या नावाला जन्माची चिकटली. मला मात्र त्या यादीचं शेपूट अधिक गमतीचं वाटतं. ऑनर्समध्ये काठावर तरलेल्या शेवटच्या गड्याला त्याचे मित्र लाकडी चमचा बहाल करायचे, तोही भर पदवीदानात, सेनेट हाउसच्या सज्जातून दोरीने खाली सोडून! चमचा म्हणजे चहाचा नव्हे; १९०९ मधला शेवटचा चमचा तर मीटरभराहून लांब होता आणि त्याला चक्क वल्ह्याचं पातं होतं. पुढच्या वर्षापासून क्रमवारीच जाहीर होईना, मग चमचा द्यायचा कुणाला? एवढी थट्टा खपवून घेणारं हे विद्यापीठ बायकांच्या बाबतीत मात्र कमालीचं सोवळं. १८९० साली फिलिपा फॉसेट यांनी पहिल्या आलेल्या पुरुषालाही मागे टाकलं. निकाल वाचणाऱ्याने ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं जाहीर केलं, टाळ्या पडल्या, पण पदवी काही मिळाली नाही. स्त्रियांना ती मिळू लागली १९४८ च्या ऑक्टोबरात. फॉसेटबाई त्याच वर्षी जूनमध्ये वारल्या होत्या.